पट आणि पन्हा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पोहोचल्याचं आधी कानाला कळतं. पत्र्याच्या शेडला लागून शेड, आणि प्रत्येकीतून मागांचा खडखडाट. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टेरी टॉवेल या भागातल्या शेडमधून विणला जातो आणि बाहेर पडतो. याच आवाजात एका लहानशा गाळ्यात बसून मी बरीच वर्षं मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करत आलो. ट्रान्झिस्टरचे टप्पे एकापुढे एक जोडले की व्होल्टेज किती पट वाढतं, आणि कोणत्या वारंवारतेपासून कोणत्या वारंवारतेपर्यंत वाढतं, हा या पुस्तकाचा विषय. तो मला कॉलेजात शिकवला गेला होता. कळला मात्र इथं, एका रात्रपाळीचा माल सेकंडात, म्हणजे दुय्यम प्रतीत, गेल्यावर.

रॅपियर मागावर बाण्याचा धागा तुटला की माग तत्काळ थांबायला हवा. त्यासाठी धाग्याच्या वाटेत एक सेन्सर असतो. धागा सिरॅमिकच्या डोळ्यातून घासत जातो, त्या घासण्याची बारीक थरथर खालच्या पिझो स्फटिकाला पोहोचते आणि स्फटिक तिचं व्होल्टेज करतो. हे व्होल्टेज अगदी क्षीण असतं. दोन-तीन ट्रान्झिस्टरच्या स्टेज त्याला वाढवतात आणि पुढचं सर्किट ‘धागा चालू आहे’ असं समजतं. थरथर थांबली की माग थांबतो.

असं एक कार्ड माझ्याकडे आलं होतं. दोन स्टेजमधला कपलिंग कंडेन्सर गेला होता. मूळचा ०.०१ मायक्रोफॅरडचा. तेवढ्या किमतीचा हाताशी नव्हता, म्हणून मी १ मायक्रोफॅरडचा बसवला. कपलिंग कंडेन्सर मोठा असला तर बिघडत नाही, सिग्नल उलट चांगलाच जाईल, अशी माझी समजूत होती. टेबलावर गेन मोजला, बरोबर आला. कार्ड देऊन टाकलं. त्या रात्री धागा तुटत राहिला आणि माग चालत राहिला.

कारण साधं होतं. त्या जागी कंडेन्सरला दिसणारा एकूण रेझिस्टन्स सुमारे १० किलोओहम होता. ०.०१ मायक्रोफॅरड असताना साधारण १६०० हर्ट्झच्या खालचं काही पुढे सरकत नव्हतं. १ मायक्रोफॅरड घातल्यावर ती हद्द १६ हर्ट्झवर आली. मिनिटाला १८० फटके मारणारा माग सेकंदाला तीन हादरे देतो, आणि प्रत्येक हादऱ्यात शेकडो हर्ट्झपर्यंतची थरथर असते. ही थरथर अडवण्यासाठीच मूळ बनवणाऱ्यानं तो लहानसा कंडेन्सर घातला होता. मी दार उघडून दिलं. धागा तुटल्यावरही कार्डाला मागाची धडधड ऐकू येत राहिली आणि ते तिलाच धागा समजत राहिलं. गेन जितका हवा तितकाच होता. बिघडली होती रुंदी.

टॉवेलच्या कारखान्यात रुंदीला पन्हा म्हणतात. कापडाचा भाव काढताना पन्हा न विचारता नुसती लांबी विचारणारा माणूस इथं कुणी पाहिला नसेल. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत आपण तेच करतो. ‘गेन किती’ एवढंच विचारतो. गेन म्हणजे पट : आत एक मिलिव्होल्ट दिलं आणि बाहेर शंभर मिळाले तर शंभर पट. बँडविड्थ म्हणजे पन्हा : ही पट कोणत्या खालच्या वारंवारतेपासून कोणत्या वरच्या वारंवारतेपर्यंत टिकते ते. काठ कुठे धरायचा याचा जगभर एकच संकेत आहे. मधल्या गेनच्या ०.७०७ इतका गेन उरतो, म्हणजे ३ डेसिबलनं उतरतो, तिथं काठ. त्या ठिकाणी शक्ती निम्मी झालेली असते. आपल्या भाषेत ‘पट’ या शब्दाचा एक अर्थ कापडही आहे. ते मनात ठेवलं तर या पुस्तकाचं नाव सहज उलगडेल.

शब्दांबद्दल इथंच सांगून टाकतो. पुस्तकी मराठीत ॲम्प्लिफायरला विवर्धक म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे. पण एमआयडीसीतल्या टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं एकाच कार्डावर वाकलेली असतात, आणि त्या सगळ्यांच्या तोंडी गेन, स्टेज, कलेक्टर, कंडेन्सर हेच शब्द असतात. मी तेच ठेवले आहेत. वाक्यं मात्र मराठीत विचार करून लिहिली आहेत. सूत्र इंग्रजीत पाठ करून मराठीत समजून घ्यायची कसरत आमच्या पिढीनं केली. ती पुढच्या मुलांना करावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

एकाच ट्रान्झिस्टरनं काम का भागत नाही, इथून विषय सुरू होतो. कॉमन एमिटर जोडणीत, एमिटरचा रेझिस्टर कंडेन्सरनं बायपास केलेला असेल तर, गेन काढायचा एक झटपट मार्ग आहे. कलेक्टर रेझिस्टरवर जेवढं डीसी व्होल्टेज पडतं, त्याला २५ मिलिव्होल्टनं भागा. हे २५ मिलिव्होल्ट निसर्गानं ठरवलेले आहेत. ते तापमानावर अवलंबून असतात, ट्रान्झिस्टर कुणी बनवला यावर नाही. एक मिलिअँपिअर करंट आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घेतला तर त्यावर ४.७ व्होल्ट पडतात, आणि गेन येतो १८८. रेझिस्टर दहापट करून करंट दहावा हिस्सा केला तरी गेन तोच राहतो, कारण व्होल्टेज तेवढंच पडतं. म्हणजे १२ व्होल्टच्या सप्लायवर एका साध्या स्टेजकडून दोन-अडीचशे पटींहून फारशी अपेक्षा करता येत नाही. पिझो स्फटिकाचं किंवा मायक्रोफोनचं क्षीण व्होल्टेज हजारो पट वाढवायचं असेल तर स्टेजला स्टेज जोडावीच लागते.

जोडली की विद्यार्थी पटकन गुणाकार करतो : १८८ गुणिले १८८, पस्तीस हजारांच्या वर. मोजलं की निम्मेही भरत नाहीत. दुसरी स्टेज पहिलीकडून करंट ओढते, ते या गुणाकारात धरलेलंच नसतं. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा करंट गेन २०० धरला तर त्याच्या बेसमध्ये पाहताना साधारण ५ किलोओहम दिसतात. त्याच्या जोडीला बायसचे ४७ आणि १० किलोओहम समांतर आहेत. सगळं मिळून ३.१ किलोओहमच्या आसपास. हे पहिल्या स्टेजच्या ४.७ किलोओहमला समांतर बसतं आणि उरतात जेमतेम १.९ किलोओहम. पहिल्या स्टेजचा गेन १८८ वरून ७५ वर येतो. दुसरीवर काही ओझं नसेल तर एकूण गेन सुमारे १४,०००. स्टेजचा गेन ती कुणाशेजारी बसली आहे त्यावर ठरतो. हे वाक्य मी शिकवत असताना वर्गात फळ्यावर लिहून ठेवत असे आणि तास संपेपर्यंत पुसत नसे. मधे एमिटर फॉलोअर घातला तर त्याचा स्वतःचा गेन एकाहूनही किंचित कमी, तरी एकूण गेन वाढतो. दिसायला हे विचित्र आहे, पण शेजारधर्माचा हिशेब मांडला की लगेच पटतं.

आता पन्ह्याकडे. ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेला कोरा, टॉवेल धुलाईला आणि रंगाईला गेला की आटतो. मागावर पन्हा ठेवतानाच कारखानदार ती आट धरून चालतो. ॲम्प्लिफायरच्या स्टेजही बँडविड्थ अशीच आटवतात. समजा एका स्टेजचा वरचा काठ १०० किलोहर्ट्झवर आहे. तिथं तिचा गेन ०.७०७ झालेला. अशा दोन सारख्या स्टेज एकमेकींवर ओझं न टाकता जोडल्या तर त्याच १०० किलोहर्ट्झवर ०.७०७ गुणिले ०.७०७, म्हणजे निम्माच गेन उरतो. काठ आत सरकून ६४ किलोहर्ट्झवर येतो. तीन जोडल्या तर ५१, चार जोडल्या तर ४३. खालच्या बाजूलाही हेच घडतं, फक्त उलट दिशेनं. प्रत्येकीचा खालचा काठ २० हर्ट्झवर असेल तर दोघींचा मिळून ३१ आणि तिघींचा ३९. तीन स्टेजचा ॲम्प्लिफायर २० हर्ट्झपासून हवा असेल तर प्रत्येक स्टेज १० हर्ट्झपर्यंत उतरणारी बनवावी लागते. आट आधी धरायची ती अशी.

यावरून कुणाला वाटेल की स्टेज वाढवल्या म्हणजे पन्हा गेलाच. तसं नाही. या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथंच आहे. ७४१ हा ऑपॅम्प घ्या. १९६८ सालचा, आजही दुकानात मिळणारा. त्याचा गेन आणि बँडविड्थ यांचा गुणाकार साधारण १० लाख हर्ट्झवर बांधलेला. एकाच ७४१ कडून हजार पट गेन मागितला तर तो फक्त १ किलोहर्ट्झपर्यंत साथ देतो. टेलिफोनवरचं बोलणंही त्यात धड बसणार नाही. तेच हजार पट दोघांत वाटले, प्रत्येकाला साडेएकतीस पट, तर प्रत्येकाचा काठ साडेएकतीस किलोहर्ट्झच्या पुढे जातो आणि आट वजा जाता दोघांचा मिळून २० किलोहर्ट्झ. माणसाचा कान ऐकतो ते जवळजवळ सगळं त्यात मावतं. तिघांत दहा-दहा पट वाटले तर ५१ किलोहर्ट्झ. म्हणजे प्रत्येक स्टेजला पुरेपूर राबवून स्टेज वाढवत गेलात तर पन्हा आटतो. पण ठरलेली पट अनेकांत वाटून दिली तर पन्हा वाढतो. दोन्ही विधानं खरी आहेत. विद्यार्थी गोंधळतो, कारण बहुतेक पुस्तकांत ती दोन वेगळ्या प्रकरणांत भेटतात. या पुस्तकात ती एकाच पानावर आहेत. गेनचा आकडा काढायचा आणि बँडविड्थ नंतर पाहायची, असं एकही उदाहरण मी घेतलेलं नाही.

वरचा काठ ठरवणारा मुख्य गुन्हेगार डेटाशीटमध्ये दडून बसलेला असतो. बीसी ५४७ चा कागद पाहिला तर ३०० मेगाहर्ट्झचा आकडा दिसतो आणि मन भरून येतं. सर्किटमध्ये तोच ट्रान्झिस्टर ४० किलोहर्ट्झवर दमतो. कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये चारएक पिकोफॅरडची अंगभूत कपॅसिटन्स असते. बेस जरा वर गेला की कलेक्टर शंभर पट खाली जातो, त्यामुळे त्या इवल्याशा कपॅसिटन्सवर शंभराहून अधिक पट व्होल्टेज बदलतं आणि बेसकडून पाहताना ती ४०४ पिकोफॅरड असल्यासारखी वागते. सिग्नल १० किलोओहमच्या उगमातून येत असेल तर काठ ३९ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो. जॉन मिलर यांनी व्हॅक्यूम ट्यूबच्या संदर्भात १९२० मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला मिलर इफेक्ट म्हणतात. जितका गेन मागाल तितकी ही कपॅसिटन्स फुगते. पट आणि पन्हा यांचं भांडण ट्रान्झिस्टरच्या पोटात असं चालू असतं. ते मिटवायची कॅस्कोड नावाची एक सुंदर युक्ती आहे. तिला मी एक अख्खं प्रकरण दिलं आहे.

खालच्या काठाचा गुन्हेगार सोलापूरच्या दुरुस्तीवाल्याला रोज भेटतो, पण ओळखू येत नाही. एमिटरचा बायपास कंडेन्सर. त्याला दिसणारा रेझिस्टन्स फार थोडा असतो, चाळीसेक ओहम. म्हणून १०० मायक्रोफॅरड घालूनही खालचा काठ ४० हर्ट्झवरच येतो. आता मे महिना डोळ्यांपुढे आणा. बाहेर पारा बेचाळिसच्या वर, पत्र्याखाली त्याहून अधिक, आणि कार्डाच्या पेटीच्या झडपा रुईच्या तंतूंनी गच्च भरलेल्या. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. काही वर्षांत तो आतून वाळतो. १०० चा १० मायक्रोफॅरड झाला की खालचा काठ ४० वरून ४०० हर्ट्झवर चढतो. मल्टिमीटर लावला तर बेस, एमिटर, कलेक्टर, तिन्ही ठिकाणी व्होल्टेज बिनचूक, कारण डीसीशी या कंडेन्सरचा संबंधच नाही. एक किलोहर्ट्झचा सिग्नल देऊन गेन मोजला तर तोही जवळपास ठीक. मग ‘कार्ड चांगलं आहे, सेन्सर बदला’ असा निरोप जातो आणि नवा सेन्सर आणायचा खर्च कारखानदाराच्या माथी बसतो. दुरुस्तीच्या धंद्यात असे निरोप मी फार ऐकले. ते देणारी मुलं हुशार होती. त्यांना फक्त पन्हा मोजायला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन स्टेजचं सर्किट शांत असतं आणि तिसरी जोडली की भकभक सुरू होते, हाही नेहमीचा अनुभव. तिसऱ्या स्टेजचा करंट वाढला की सप्लाय किंचित दबतो. तो दाब पहिल्या स्टेजच्या कलेक्टरमधून दुसरीच्या बेसवर येतो, दुसरीत उलटतो, तिसरीचा बेस वर ढकलतो आणि तिसरीचा करंट आणखी वाढतो. चक्र पूर्ण झालं. दोन स्टेज असताना हाच दाब उलट्या दिशेनं येऊन स्वतःलाच आवरतो, म्हणून तिथं त्रास नसतो. उपाय म्हणजे पहिल्या स्टेजच्या सप्लायला शंभरएक ओहम आणि मोठा कंडेन्सर लावून तिचं घर वेगळं करायचं. रेडिओच्या काळातल्या कारागिरांना हे हातानं ठाऊक होतं.

मोठ्या जगात या विषयाचा सर्वांत मोठा प्रश्न टेलिफोननं उभा केला. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत बोलणं न्यायचं तर वाटेत एकामागून एक ॲम्प्लिफायर लागत, आणि प्रत्येकाचा बारीकसा दोष पुढच्यात मिसळून वाढत जाई. बेल लॅब्सचे हॅरॉल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीत उत्तर सुचलं आणि त्यांनी ते हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर लिहून ठेवलं. गेन गरजेपेक्षा पुष्कळ जास्त बनवा आणि त्यातला बराचसा निगेटिव्ह फीडबॅकनं परत करून टाका. पट सोडली की पन्हा रुंदावतो, विकृती कमी होते आणि ट्रान्झिस्टर बदलला तरी आकडे हलत नाहीत. इतकी कष्टानं मिळवलेली पट स्वेच्छेनं सोडून देण्याची ही कल्पना मला या शास्त्रातली सर्वांत धीट कल्पना वाटते. तिची किंमतही आहे. तीन स्टेजना मिळून फीडबॅक लावला तर वरच्या वारंवारतेवर सिग्नल मागे पडत पडत उलटा होऊ शकतो, आणि आवरणारा फीडबॅकच शिट्टी घालू लागतो. त्या शिट्टीवरचं प्रकरण पुस्तकातलं सर्वांत लांब आहे. वाचकानं तिथं घाई करू नये.

आपल्याच महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडदला, याच साखळीचं एक भव्य रूप उभं आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तिथं पहिल्या स्टेजचा स्वतःचा गोंगाट हाच सर्वांत मोठा शत्रू ठरतो. पहिलीत शिरलेला गोंगाट पुढच्या सगळ्या स्टेज इमानानं वाढवत नेतात. म्हणून पहिली स्टेज सर्वांत निवांत हवी. पिझो सेन्सरच्या कार्डालाही हाच नियम लागू पडतो. सुरुवातीला ही दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहत असे. पुढे झालेल्या सुधारणेनंतर ती रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. ताटल्या त्याच, त्यांची संख्याही तीच. वाढवला तो मुख्यतः पन्हा, आणि त्यातून जुनीच दुर्बीण कितीतरी अधिक पाहू लागली.

हे पुस्तक आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांसाठी आहे, आणि कार्ड दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माझ्या भावंडांसाठी आहे. आज सगळं चिपमध्ये आलं, ट्रान्झिस्टरची स्टेज कोण बनवतं, असं मला विचारतात. चिपमध्येही याच स्टेज आहेत, हेच ओझं, हीच मिलरची कपॅसिटन्स आणि हीच आट. चिप उघडून पाहता येत नाही, एवढाच फरक. उघड्या ट्रान्झिस्टरवर एकदा हात बसला की बंद चिपचं वागणं समजायला लागतं. गणित मी टाळलेलं नाही. पण प्रत्येक सूत्रानंतर खऱ्या किमती घालून आकडा काढून दाखवला आहे, आणि तो आकडा टेबलावर मोजून पाहिल्याशिवाय छापलेला नाही.

वाचकाला एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी दोन बीसी ५४७, मूठभर रेझिस्टर आणि कंडेन्सर आणा. ब्रेडबोर्डवर एकच स्टेज जोडा आणि १ किलोहर्ट्झवर तिचा गेन मोजा. मग वारंवारता खाली आणि वर नेत ०.७०७ चे दोन्ही काठ शोधा. आता दुसरी स्टेज जोडून तीनही आकडे पुन्हा मोजा. जनरेटर नसेल तर मोबाइलवर टोन देणारं ॲप चालेल, फक्त सिग्नल रेझिस्टरच्या विभाजकानं मिलिव्होल्टपर्यंत उतरवून द्या. मोबाइलचा टोन मात्र २० किलोहर्ट्झच्या आसपास संपतो, म्हणून तेव्हा खालच्या काठावर समाधान माना. वरच्या काठासाठी जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विनंती करा. आलेले सहा आकडे या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणात तेच लागणार आहेत.